उंची कुठल्या शून्यापासून?

सांगलीत पावसाळ्यात माणसं फुटांत बोलतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर गेली की धोका, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळचं पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, तेव्हा २००५ च्या पुराच्या खुणेवर भिस्त ठेवून बसलेल्यांची फसगत झाली. खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाचं पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवायचं की ५२४.२५६ मीटरपर्यंत, यावर दोन राज्यांचं भांडण आहे. या मुलखात उंची हा भूगोलाच्या पुस्तकातला धडा नाही, पेपरच्या पहिल्या पानावरची बातमी आहे.

पण पुलावरची पट्टी सांगते ती एकाच जागेची उंची. ते पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागणार हे उंबऱ्याच्या उंचीवर ठरतं, आणि ती सहसा कुणी मोजलेली नसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा साधारण २० मीटरच्या अंतराने येतात. दोन रेषांच्या मध्ये सहा मजली इमारत मावते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने जगाचा बहुतेक भूभाग मोजला. आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून कार्टोडेम तयार झालं. डोंगर कुठे आणि दरी कुठे हे सांगायला हे नकाशे उत्तम. पण त्यांच्यातली चूक मीटरांत असते आणि कृष्णाकाठचा प्रश्न वीत-दीड वितीचा असतो. म्हणून आता ड्रोन.

या ड्रोनवरून एका घरात जुंपलेली आहे. काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. हयात कालव्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या लेव्हल घेण्यात गेली. पुतणी स्थापत्य शिकून ड्रोन सर्व्हेच्या धंद्यात उतरली. तिच्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे, त्यांच्याकडे पिवळी पडलेली लेव्हल बुकं. दोघं एकमेकांच्या कामाला नावं ठेवतात, आणि दोघांचंही बरंचसं खरं असतं.

"एका चौरस किलोमीटरला अकराशे फोटो, काका," पुतणीने सुरुवातच आकड्याने केली. "शंभर मीटरवरून उडायचं. वीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला तिथून जमिनीवरचा एक पिक्सेल पावणेतीन सेंटिमीटरचा पडतो. एका फोटोत दीडशे बाय शंभर मीटरचा तुकडा येतो. पुढचा फोटो वीस मीटरवर, शेजारची रांग पंचेचाळीस मीटरवर. म्हणजे बांधावरचा एकेक दगड पंधरा-सोळा फोटोंत सापडतो. तुमच्या बुकात दिवसाला किती नोंदी व्हायच्या?"

"दोनशे झाल्या की पट्टी धरणारा खलाशी हात जोडायचा," काका म्हणाले. "पण त्या दोनशे मोजलेल्या असायच्या. तुझ्याकडे आहेत ती चित्रं. चित्रात उंची कुठून आली?"

प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. एका फोटोत उंची नसतेच. तोच दगड दुसऱ्या जागेवरून टिपला की दोन्ही कॅमेऱ्यांपासून दगडापर्यंतच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि त्रिकोण तयार होतो. विमानातून घेतलेल्या जोडफोटोंवरून नकाशे करणाऱ्यांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. मात्र त्यांना महागडा मेट्रिक कॅमेरा आणि डोळे फोडून काम करणारा तंत्रज्ञ लागायचा. शिमॉन उलमन यांनी १९७९ मध्ये हालचालीतून आकार ओळखण्याचं गणित मांडलं, आणि डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये वेगवेगळ्या चित्रांतली एकच खूण संगणकाला ओळखायला शिकवली. या दोन्हींच्या जोडीने आजचं सॉफ्टवेअर हजारो फोटोंतल्या लाखो खुणा जुळवतं. कॅमेरा कुठे होता, लेन्स किती वाकडी होती आणि दगड कुठे आहे, या तिन्ही गोष्टी ते एकाच गणितातून सोडवतं. मेटाशेप आणि पिक्सफोरडी यांना पैसे मोजावे लागतात, ओपनड्रोनमॅप फुकट आहे. निकाल एकाच जातीचा: कोट्यवधी बिंदूंचा ढग, प्रत्येकाला अक्षांश, रेखांश आणि उंची.

काकांची रीत याच्या बरोबर उलट्या टोकाची. पुलाच्या खांबावर नाहीतर जुन्या दगडी इमारतीच्या पायथ्याशी बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेली खूण, शोधायचा. डंपी लेव्हल मांडायची, बुडबुडा मधोमध आणायचा, खलाशाने धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, बुकात लिहायचा, पुढे सरकायचं. दिवस मावळताना फिरून त्याच नाहीतर दुसऱ्या बेंचमार्कवर येऊन पोचायचं. आलेली उंची आणि ठाऊक असलेली उंची यांतला फरक म्हणजे क्लोजिंग एरर. साध्या कामाला किलोमीटरांचं वर्गमूळ गुणिले २४ मिलिमीटर एवढी सूट. चार किलोमीटरच्या फेरीला पाच सेंटिमीटरच्या आत. त्यापेक्षा जास्त आली तर पान फाडायचं नाही, आडवी रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं.

"दोन नोंदींच्या मधल्या वीस मीटरांत काय आहे, हे तुम्हाला कुठे कळायचं?" पुतणीने पकडलं. "तुमचा कंटूर म्हणजे दोन आकड्यांच्या मध्ये ओढलेली अंदाजाची रेघ."

"अंदाजाची नव्हे, नजरेची. जमीन जिथे मोडते तिथेच पट्टी धरायची. ओढ्याची थडी, बांधाचा माथा, रस्त्याची कड. सपाट शेतात दर मीटरला उंची घेऊन काय लोणचं घालायचंय?"

"आणि थडीला चिखल असला तर? खलाशी उतरायचा?"

काका यावर नुसते हसले. जुन्या नकाशांत नदीकाठच्या नोंदी विरळ का असतात, याचं उत्तर त्या हसण्यात आलं.

गावाकडे ड्रोनवर एकदम विश्वास बसण्याचं कारण गावठाण मोजणी. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रयोग झाला, पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली आणि देशभर गावोगाव चुन्याच्या रेषा मारून घरांच्या हद्दी आकाशातून टिपल्या गेल्या. चुना फोटोत लख्ख उमटतो. माणसाला आपलं अंगण, आपला गोठा, आपली भिंत पडद्यावर दिसते आणि तो मान डोलावतो. पण ते काम आडव्या मोजणीचं. भिंत पाच सेंटिमीटर इकडे की तिकडे हे डोळ्याला तरी तपासता येतं. उंची फोटोत दिसत नाही. ती हिशेबातून निघते, आणि हिशेब चुकला तरी नकाशा तितकाच देखणा दिसतो. आडव्यापेक्षा उभी चूक सहसा जास्तच असते, हे या धंद्यातलं कुणीही नाकारत नाही. चांगल्या कामात ती एका पिक्सेलपासून तीन पिक्सेलपर्यंत धरतात. म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या पिक्सेलला तीन ते आठ सेंटिमीटर.

"आठ सेंटिमीटर चालतात की," पुतणी म्हणाली. "पुराचं पाणी काय मिलिमीटरने विचारून येतं?"

"कुठे चालतात आणि कुठे नाही, ते जमिनीच्या उतारावर आहे. पाचशेला एक उतार असला तर दहा सेंटिमीटरच्या चुकीने पूररेषा किती सरकली?"

तिने क्षणभर हिशेब केला. "पन्नास मीटर."

"आता त्या पन्नास मीटरात ज्याचा प्लॉट आहे त्याच्याशी जाऊन बोल."

पूररेषेचं गांभीर्य न कळणाऱ्यांसाठी सांगायला हवं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी. जमिनीचा भाव, कर्ज, घराची परवानगी सगळं त्या रेघेवर लटकलेलं.

मग काकांनी तिचा एक जुना अहवाल पुढे ओढला. पान उलटत ते एका तक्त्यावर थांबले. कंट्रोल पॉइंटवरची चूक: १.२ सेंटिमीटर. "हे बिंदू गणितात घेतले होते?"

"घेतले होते. त्यांच्यावरच तर नकाशा बसवला."

"मग त्यांच्यावर चूक कमी येणारच. नकाशा खेचून त्यांच्यावरच बसवलाय. न घेतलेल्या बिंदूंवर किती आली?"

इथे पुतणीला गप्प बसवल्याचं समाधान काकांना मिळालं नाही. तिने दुसरं पान काढून दाखवलं, चेकपॉइंटचं. शेतात अंथरलेले काळे-पांढरे चौकटीचे बोर्ड, डांबरी रस्त्यावर रंगाने काढलेल्या फुल्या, आरटीके रोव्हर या सॅटेलाइटवरून जागा मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने घेतलेल्या त्यांच्या उंच्या. आणि त्यांतले निम्मे गणितापासून मुद्दाम दूर ठेवलेले. तिथली चूक होती चार सेंटिमीटरच्या आसपास. "हाच आकडा खरा," ती म्हणाली. "पहिला आकडा फक्त जाहिरातीला." अमेरिकेतल्या फोटोग्रामेट्री संस्थेच्या २०२३ च्या मानकात असे स्वतंत्र बिंदू निदान ३० हवेत असं म्हटलं आहे, त्याआधीच्या आवृत्तीत २० चालायचे. आपल्याकडच्या लहान कामांत मात्र पाच-सात बिंदूंवर भागवलं जातं आणि कित्येकदा एकही नसतो.

काकांनी तक्ता पुन्हा पाहिला. "सरासरी सांगू नकोस. या चुका कुठल्या बाजूला आहेत? काही वर, काही खाली, का सगळ्याच वर?"

हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, असं आमचं मत. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील तर मोठ्या क्षेत्रावर त्या एकमेकींना खातात. सगळ्या एकाच बाजूला असतील तर खाण असो वा तलाव, घनफळात पुरती भर पडते. एक हेक्टर खाणीत पाच सेंटिमीटरचा एकतर्फी फरक म्हणजे ५०० घनमीटर, ब्रासच्या भाषेत पावणेदोनशेच्या वर. रॉयल्टी ब्रासवर लागते. खनिज संवर्धन आणि विकास नियमांत नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. वर्षाला दहा लाख टन किंवा जास्त उत्खननाचा आराखडा असलेल्या, अथवा ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोन सर्व्हे बंधनकारक झाला, आणि ती चित्रं नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे जातात. तिथे ही एकतर्फी चूक म्हणजे थेट पैसा.

"एकतर्फी चूक कुठून येते तेही सांगते," पुतणी म्हणाली. आता ती बचावात नव्हती, शिकवत होती. "सगळे फोटो सरळ खाली बघून, एकाच उंचीवरून, समांतर रांगांत घेतले की लेन्सच्या वाकडेपणाचा हिशेब थोडा चुकतो. मग सपाट शेत नकाशात परातीसारखं खोलगट येतं, नाहीतर उपड्या परातीसारखं फुगतं. इंग्लंडमधल्या जेम्स आणि रॉबसन यांनी २०१४ मध्ये याच्यावर सविस्तर लिहिलंय. उपाय साधा आहे. थोडे फोटो कॅमेरा तिरका करून घ्यायचे, आणि कंट्रोल पॉइंट कडेला तसे मधेही टाकायचे."

"म्हणजे माझी शंका खोटी नव्हती."

"नव्हती. पण तुमचं उत्तर खोटं आहे. तुम्ही म्हणता ड्रोन सोडा. मी म्हणते ड्रोन नीट उडवा."

आरटीकेचा विषय निघाल्यावर दोघांचे आवाज चढले. या तंत्रात जमिनीवरचं एक स्थिर केंद्र ड्रोनला क्षणोक्षणी दुरुस्ती पुरवतं, त्यामुळे प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा नेमका कुठे होता हे एक-दोन सेंटिमीटरपर्यंत कळतं. विकणारे सांगतात की आता जमिनीवर एकही बोर्ड अंथरायला नको. पुतणीलाही हे सोयीचं वाटतं; उन्हात बोर्ड अंथरत फिरण्यात निम्मा दिवस जातो. काकांनी शाळेतलं गणित काढलं. कॅमेऱ्याची जागा अचूक, मान्य. पण लेन्सचं नाभीय अंतर हजारात एकाने चुकलं तर शंभर मीटरवरून जमीन दहा सेंटिमीटरने वर किंवा खाली जाईल, आणि एकाच उंचीवरून सपाट जमिनीचे फोटो घेतले असतील तर सॉफ्टवेअरला ती चूक ओळखता येणार नाही. पुतणीने हे मान्य केलं. "एक बोर्ड तरी हवाच," ती म्हणाली. "मी पाच टाकते. पण पूर्वी पन्नास लागायचे, हेही मान्य करा." काकांनी मान हलवली, ती होकाराची होती की नाही हे कळलं नाही.

खरी गाठ पडली ती शून्यावर.

तिच्या संगणकावरच्या यादीत एका पुलाच्या कठड्याची उंची तीन दशांशांपर्यंत लिहिलेली होती. काका यादीकडे बघत म्हणाले, "अलमट्टीची नवी पातळी ५२४.२५६. काय वाटतं हा आकडा बघून?"

"मिलिमीटरपर्यंत मोजलेला वाटतो."

"गुणाकार कर. १७२० फूट गुणिले ०.३०४८. कुणीतरी फुटांतला गोल आकडा मीटरांत लिहिला, एवढंच. दशांश दिसला म्हणून अचूक समजायचं नाही. आता सांग, तुझ्या यादीतली ही उंची कुठल्या शून्यापासून?"

सॅटेलाइटवरून मिळणारी उंची समुद्रापासूनची नसते. पृथ्वीच्या आकाराशी जुळेल असा एक गणिती लंबगोल कल्पिलेला आहे, त्याच्यापासून ती मोजली जाते. समुद्राची खरी पातळी गुरुत्वाकर्षणानुसार या लंबगोलाच्या वर-खाली जाते. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला ती जगात सगळ्यात जास्त, शंभर मीटरहून अधिक, खाली गेलेली आहे आणि त्या खळग्याचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतो. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरांचा. जुहूच्या वाळूत उभं राहून रोव्हरवरचा कच्चा आकडा वाचला तर तो उणे साठच्या खाली येतो.

"सत्तर मीटरची चूक आंधळ्यालाही दिसते," काका म्हणाले. "तू ती दुरुस्त करतेस कशाने?"

"समुद्रपातळी कुठे किती वर-खाली आहे ते सांगणारं जिऑइड मॉडेल लावते. जगभराचं तयार मॉडेल असतं, सॉफ्टवेअरमध्येच."

"आणि ते आपल्या तालुक्यात किती चुकतं?"

जगभराचं मॉडेल एखाद्या भागात वीतभर चुकू शकतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिची रीत अशी की जवळच्या दोन-तीन बेंचमार्कांवर रोव्हर ठेवायचा, मॉडेलची उंची आणि बेंचमार्कची उंची यांतला फरक काढायचा आणि सगळा नकाशा तेवढा सरकवायचा. काकांना तिच्या कामातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटली, कारण त्यांच्या लेखी इथे ड्रोन अखेर पाटबंधाऱ्याच्या दगडापाशी आला. त्या दगडांमागची कथाही थोडी नाही. १९०९ मध्ये देशभरच्या लेव्हलिंगच्या ओळी एकत्र जुळवल्या गेल्या तेव्हा कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रपातळी धरली गेली. आपल्या रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर "समुद्रसपाटीपासून उंची" असं लिहिलेलं असतं, तो समुद्र हा. माणसं पट्टी आणि लेव्हल घेऊन तो किनाऱ्यावरून घाट चढून देशावर घेऊन आली. धरणाची पातळी, पुलावरची धोक्याची खूण, कालव्याचा तळ, सगळं त्या शून्यावर उभं आहे. ड्रोनचा नकाशा दुसऱ्या शून्यावर असेल तर त्याची धरणाच्या पातळीशी तुलनाच होऊ शकत नाही.

"पण तुमचे बेंचमार्क तरी जागेवर आहेत का?" पुतणीने उलटा वार केला. "रस्तारुंदीत अर्धे गेले. उरलेल्यांतले काही काळ्या मातीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यातल्या दगडाची उंची मार्चमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरी."

"म्हणूनच आम्ही पुलाच्या खांबाला धरून असायचो."

या फेरीत मात्र पुतणी वरचढ होती. सर्व्हे ऑफ इंडियाने आता देशभर कायमची सॅटेलाइट केंद्रं उभी केली आहेत. महाराष्ट्रातलं त्यांचं जाळं बऱ्यापैकी दाट आहे. उद्या चांगलं स्थानिक जिऑइड मॉडेल हाती आलं की हरवलेल्या दगडांसाठी रडत बसावं लागणार नाही.

मग ऊस. कोल्हापूर-सांगलीत उंचीच्या नकाशाला सगळ्यात मोठा अडथळा उसाचा. कॅमेऱ्याला दिसतो तो शेंडा. तीन मीटर उंचीचं पीक नकाशात तीन मीटरचं पठार म्हणून उमटतं आणि पुराचं पाणी त्याला वळसा घालून जातं असं गणित सांगतं. पुतणीच्या भाषेत हे डीएसएम, म्हणजे वरून जे दिसतं त्याची उंची. हवं असतं डीटीएम, म्हणजे उघड्या जमिनीची. "मार्च-एप्रिलमध्ये उडव," काकांनी सुचवलं, "कारखाने बंद पडायच्या सुमाराला." पण आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि दीड वर्ष शेतात असतो. एप्रिलमध्ये तो आठ-नऊ महिन्यांचा होऊन माणसापेक्षा उंच उभा असतो. ज्याची तोड झाली त्या शेतात पाचट पसरलेलं, आणि कॅमेऱ्याला पाचट म्हणजेच जमीन. सगळी शिवारं एकाच वेळी मोकळी आहेत असा दिवस या तालुक्यांत उगवतच नाही. सॉफ्टवेअर पीक छाटून जमीन काढून देतो म्हणतं. प्रत्यक्षात ते आजूबाजूच्या मोकळ्या बांधांवरून मधली जमीन कल्पून भरतं. लायडारचे लेसर किरण झाडांच्या फटींतून खाली पोचतात, पण यंत्र महाग, आणि गच्च उसात त्यालाही तळ क्वचितच लागतो. इथे पट्टीला पर्याय नाही. पुतणीने ते लगेच मान्य केलं. तिची पोरं सऱ्यांतून रोव्हर घेऊन शिरतात आणि अंगाला कूस लावून बाहेर येतात.

"आणि नदी?" काका म्हणाले. "तुझ्या नकाशात नदीचा तळ कुठे आहे?"

नाही. हलत्या, चमकत्या पाण्यावर खुणा जुळत नाहीत, त्यामुळे तिथे भोक पडतं किंवा मनमानी उंची येते. नितळ उथळ पाण्यात तळ दिसला तरी प्रकाश वळल्यामुळे तो खरा आहे त्याहून वर भासतो. गढूळ कृष्णेत तोही प्रश्न नाही. होडीतून ध्वनियंत्र फिरवावं लागतं, नाहीतर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आडवे छेद घ्यावे लागतात. पूर कुठवर येईल हे सांगणाऱ्या नकाशात नदीच अंदाजाने भरलेली असते, हे काकांचं बोलणं टोचणारं असलं तरी बरोबर आहे.

एका मुद्द्यावर मात्र त्यांनी वाद घातला नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळीये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. कोसळलेल्या उतारावर भेग कुठवर गेली आहे, वर अजून किती माती सुटायच्या बेतात आहे, हे कळायला नकाशा तासाभरात हवा असतो. "तिथे खलाशाला पट्टी घेऊन पाठवणारा अधिकारी गुन्हेगार ठरेल," काका म्हणाले. तिथे वीस सेंटिमीटरची चूक असली तरी चालते. दोन उड्डाणांमधला फरक दिसला म्हणजे झालं.

शेवटी उरला पैशाचा आणि कागदाचा प्रश्न, आणि तिथे दोघं एका बाजूला आले. गावोगावच्या निविदांत "अचूकता ५ सेंटिमीटर" एवढंच छापलेलं असतं. आडवी की उभी? कशाच्या तुलनेत? कुणी तपासली? काहीच नाही. सगळ्यात कमी दराचा माणूस सकाळी येतो, ड्रोन उडवतो, संध्याकाळी रंगीत नकाशा देतो. हिरव्यापासून लालपर्यंत उंचीच्या सुरेख छटा. बोर्ड अंथरणारी, बेंचमार्क शोधणारी, उसात शिरणारी पुतणी त्याच्यापुढे महाग ठरते. काकांच्या काळात लेव्हल बुक तपासायला उपअभियंता स्वतः एखाद्या नोंदीवर पट्टी धरून बघायचा. ड्रोनच्या नकाशावर अशी पट्टी धरणारा माणूस आज कुणाच्याही पगारपत्रकात नाही, आणि या बाबतीत आमचं मत काकांच्या बाजूला आहे. बाकी बऱ्याच बाबतींत ते पुतणीच्या बाजूला असलं तरी.

तेव्हा कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या ज्या ग्रामपंचायती, सोसायट्या, पाणीवापर संस्था असा नकाशा मागवत असतील त्यांनी उंची कुठल्या बेंचमार्कला बांधली आहे ते लेखी घ्यावं, पीक उभं असलेली शेतं आणि नदीचं पात्र नकाशात वेगळ्या रंगाने दाखवून मागावं, आणि गणितात न घेतलेल्या चेकपॉइंटची यादी वर-खालीच्या चिन्हांसकट मागावी. त्यांतल्या तीन बिंदूंवर गावातल्याच एखाद्या निवृत्त ओव्हरसियरला ऑटो लेव्हल लावायला सांगावी. भाड्याने मिळते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर बिल अडवून ठेवावं.